सातबारा वडिलांचा, व्यापार माझा : प्राप्तिकर आणि दशमांश यांबाबत मार्गदर्शन हवे

कुपवाडकर (सांगली)

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीला आहे आणि माझी पत्नी मिरजेत परिचारिका म्हणून काम करते. माझा वर्षाचा पगार १० लाख ८० हजार आणि तिचा ४ लाख २० हजार रुपये आहे. वाळवा तालुक्यातील आमच्या गावी वडिलांच्या नावावर अडीच एकर जमीन असून निम्म्या रानात ऊस आणि उरलेल्या तुकड्यात हळद असते. याखेरीज गेल्या काही हंगामांपासून मी गावातल्या शेतकऱ्यांची वाळलेली हळद स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला लावतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात ही उलाढाल सुमारे ३० लाखांची झाली असून टेम्पोभाडे, बारदाना, हमाली, तोलाई असा सर्व खर्च वजा जाता ३ लाख रुपये हाती उरले आहेत.

माझे विवरणपत्र भरून देणाऱ्या गृहस्थांचा सल्ला असा आहे की अडत्याकडून विक्रीच्या सगळ्या पट्ट्या (पावत्या) वडिलांच्या नावाने करून घ्याव्यात. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे मग मला एक रुपयाही कर लागणार नाही. असे पुष्कळ जण करतात हे मला माहीत आहे, परंतु माझे मन त्याला तयार होत नाही. दुसरीकडे घराच्या कर्जाचा हप्ता महिन्याला १९ हजार आहे, वडील ७२ वर्षांचे असून त्यांचे आठवड्यातून दोनदा डायालिसिस चालू आहे, आणि त्यामुळे वाचणारी प्रत्येक रक्कम डोळ्यांसमोर येते.

याला जोडूनच दशमांशाचा प्रश्न आहे. लग्नापासून आम्ही दोघांच्या पगाराचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, मंडळीला (चर्चला) देत आलो आहोत. वडिलांचे उपचार चालू आहेत तोवर त्यातला काही भाग तिकडे वळवावा असे पत्नीचे म्हणणे आहे, तर मंडळीतील एका ज्येष्ठांनी बायबलमधील मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला देऊन ते देवाला ठकवणे होईल असे सांगितले. दशमांश कर कापण्यापूर्वीच्या रकमेवर काढावा की नंतरच्या? मंडळीला दिलेल्या दानावर प्राप्तिकरात सवलत मिळते का? आणि मुख्य म्हणजे, त्या पट्ट्यांचे मी काय करावे?

विश्रामबाग (निवृत्त कर सल्लागार)

बंधू, जय ख्रिस्त. आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे ते स्वतः पिकवलेल्या मालापुरते. दुसऱ्याने पिकवलेली हळद विकत घेऊन विकणे हा व्यापार आहे, मग तो माल शेजारच्या बांधावरचा का असेना. आपल्या गृहस्थांनी सुचवलेली गोष्ट म्हणूनच करबचत नव्हे, तर ती कागदावर लिहिलेली खोटी साक्ष आहे, आणि ती वडिलांच्या तोंडी घातलेली आहे, हे मला अधिक गंभीर वाटते. पट्टी त्यांच्या नावाने निघाली की पैसा त्यांच्या बँक खात्यात येणार. ३० लाखांच्या जमेबद्दल कधी विचारणा झाली, तर नोटीस त्यांच्या नावाने येणार. सव्वा एकर हळदीतून दोनशे क्विंटल वाळलेला माल निघत नाही, हे आपल्या जिल्ह्यातला कोणताही अधिकारी सातबाऱ्यावरची पीकपाहणी बघून सांगेल. डायालिसिसवर असलेल्या माणसाने त्या वेळी काय उत्तर द्यायचे? आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो, आणि तिचा संबंध अशा कागदांशीही येतो असे मी मानतो.

आता आकडे. नव्या करपद्धतीत आपल्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १० लाख ५ हजार उरतात, आणि त्यात व्यापाराचे ३ लाख मिळवले की करपात्र उत्पन्न १३ लाख ५ हजार होते. चार लाखांपर्यंत कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार आणि उरलेल्या १ लाख ५ हजारांवर १५ टक्क्यांनी १५,७५० असे मिळून ७५,७५० रुपये होतात. त्यावर ४ टक्के उपकर धरला की एकूण ७८,७८० रुपये. नफा लपवला तर उत्पन्न बारा लाखांच्या आत राहून सूट मिळते आणि कर शून्य होतो, हे त्या गृहस्थांचे गणित बरोबर आहे. म्हणजे प्रामाणिकपणाची किंमत यंदा आपल्याला ७८,७८० रुपये पडणार आहे, आणि ती आपल्यासारख्या घराला लहान नाही. आपण हा आकडा समोर ठेवूनच निर्णय घ्यावा. बायबलमधल्या दावीद राजाला अरवना नावाच्या माणसाने वेदीसाठी आपले खळे आणि बैल फुकट देऊ केले होते, तरी ज्याची किंमत मी मोजली नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही, असे सांगून त्याने पन्नास शेकेल चांदी मोजली. चुकवलेल्या करातून काढलेल्या दशमांशाकडे पाहताना मला नेहमी तो प्रसंग आठवतो.

कायद्याने दिलेली सूट घेण्यात मात्र कोणताही कमीपणा नाही. पुढील वर्षापासून आपल्या कारखान्याला विनंती करून पगाराच्या रचनेत मालकाकडून राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरली जाणारी रक्कम समाविष्ट करता येईल. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या पद्धतीतही वजा मिळते. आपला मूळ पगार महिना ४५ हजार धरला, तर ही रक्कम वर्षाला ७५,६०० होते आणि करपात्र उत्पन्न १२ लाख २९ हजार ४०० वर येते. बारा लाखांच्या किंचित वर उत्पन्न गेलेल्यांना कायदा आणखी एक दिलासा देतो, तो असा की वरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेतला जात नाही. म्हणजे आजचेच दर आणि तेवढेच उत्पन्न धरले तर कर २९,४०० आणि उपकरासह ३०,५७६ रुपये. एकही खोटा कागद न करता ४८ हजारांहून अधिक रुपये वाचतात. हा पैसा पेन्शनच्या खात्यात अडकून राहतो, हातात येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

लहान व्यापाऱ्यांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे. तीत उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरला की सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत. आपल्या उलाढालीवर ६ टक्क्यांनी १ लाख ८० हजार होतात आणि कोणीतरी आपल्याला ती वाट सुचवील. माझे मत स्पष्ट आहे : वह्यांचा त्रास वाचावा म्हणून ही सोय आहे. प्रत्यक्षात ३ लाख उरल्याचे आपल्याला पक्के ठाऊक असताना १ लाख ८० हजार लिहून सही करणे ख्रिस्ती माणसाला शोभणारे नाही. या मुद्द्यावर माझ्या व्यवसायातले सगळे माझ्याशी सहमत होणार नाहीत.

दानाविषयी थोडक्यात. ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत एखाद्या विशिष्ट धर्मासाठी चालणाऱ्या संस्थेला नसते, त्यामुळे मंडळीच्या थैलीत टाकलेल्या दशमांशावर ती सहसा मिळत नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या न्यासाला मान्यता असेल तर मिळते, पण २ हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिलेली असेल तर नाही. नव्या करपद्धतीत ही सवलत मुळातच नाही. जुन्या पद्धतीत आपला कर लाखाच्या वर जातो, म्हणून तिकडे वळण्यात अर्थ नाही. देणगीची पावती देऊन थोडे कमिशन कापून पैसे परत करणारे लोक भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

मिरजेची भगिनी

भाऊ, करातले मला फारसे कळत नाही, पण डायालिसिसचे कळते, कारण माझे आयुष्य रुग्णालयात गेले आहे.

तुमचे वडील ७२ वर्षांचे आहेत ना? मग त्यांचे आयुष्मान कार्ड काढले आहे का, हे आधी पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढील प्रत्येक व्यक्तीला, घरातल्यांचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. डायालिसिस त्यात येते. रुग्णालय मात्र योजनेत नोंदलेले असावे लागते. आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर असली की कार्ड निघायला फार वेळ लागत नाही. योजनेचे काम पाहणारे आरोग्यमित्र अशा रुग्णालयात बसलेले असतात, त्यांच्याकडे जाऊन विचारा. दशमांशातून किती वळवायचे यावर घरात वाद होण्यापूर्वी हे झाले पाहिजे, कारण कदाचित वळवण्याची गरजच फार थोडी उरेल.

तरीही औषधे, इंजेक्शने, गावाहून येण्याजाण्याचे भाडे हा खर्च राहणारच, आणि त्याबाबत तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पवित्र शास्त्राला धरून वाटते. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने शास्त्री-परूशांना ज्या गोष्टीबद्दल झापले ती नेमकी हीच होती : आईबापांना जे मिळायचे ते देवाला कुर्बान म्हणून वाहिले आहे, असे सांगून मुलगा मोकळा होत असे, आणि लोक त्याला धार्मिक म्हणत असत. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट आहे, असे पौलाने तीमथ्याला लिहिले, तेही विधवा आणि वडीलधारी माणसे यांच्या पालनपोषणाविषयी बोलताना. ज्या ज्येष्ठांनी मलाखी वाचून दाखवला त्यांचा हेतू चांगलाच असणार. त्यांनी बायबलमधील अनुवाद या पुस्तकाचा चौदावा अध्यायही उघडावा. तिथे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (मंदिराचे सेवक), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून गावातच ठेवायला सांगितला आहे. मलाखीतले भांडारही अन्नासाठीच होते. दुबळ्या माणसाला पोसणे हा दशमांशाचाच एक भाग होता.

तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलावून, तुम्ही दोघांनी मिळून, सरळ सांगा की इतके महिने इतकी रक्कम कमी देऊ. गुपचूप कमी करू नका, त्याने मनाला टोचणी लागते.

आष्टा

करविषयक उत्तर वाचले. एक शंका मांडतो. सरकारकडे गेलेल्या पैशाचे काय होते हे आपण सगळेच पाहतो. रस्त्यांची अवस्था, टेबलाखालून द्यावे लागणारे पैसे, बड्या थकबाकीदारांची माफ झालेली कर्जे हे सर्व डोळ्यांसमोर असताना ७८ हजार रुपये तिकडे देण्यापेक्षा तेच गावातल्या एखाद्या अनाथ मुलाच्या शिक्षणाला दिले, तर देवाच्या दृष्टीने ते अधिक योग्य ठरणार नाही का? मी हे वादासाठी विचारत नाही, मला खरोखर उत्तर हवे आहे.

सातारा कॅम्प

आष्ट्याच्या बंधूंची शंका प्रामाणिक आहे आणि ती नवीही नाही. यरुशलेमेत ज्या लोकांनी कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा की नाही असे विचारले, त्यांच्यासमोरचे सरकार आपल्या सरकारपेक्षा पुष्कळ वाईट होते. ते परक्यांचे होते आणि त्यांच्या प्रतिनिधींची निवड कोणी केलेली नव्हती. यहूदीया थेट रोमी अमलाखाली आल्यावर इ.स. ६ च्या सुमारास झालेल्या नावनिशीविरुद्ध (करासाठीच्या जनगणनेविरुद्ध) गालीली यहूदाने उठाव केला होता आणि त्याचा शेवट प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात सांगितलेला आहे. ती आठवण ताजी असताना प्रभूने नाणे मागवले, त्यावरचा मुखवटा कोणाचा हे विचारले, आणि कैसराचे ते कैसराला व देवाचे ते देवाला भरून द्या असे सांगितले. पौलाने रोमच्या मंडळीला ज्याचा कर त्याला द्या असे लिहिले तेव्हा गादीवर नीरो होता. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याने रोमी सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना, आम्ही सर्वत्र इतर सर्वांच्या आधी कर भरण्याचा प्रयत्न करतो, असे लिहिले, आणि तेही ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना. यांपैकी कोणीही सरकार चांगले आहे म्हणून कर द्या असे म्हटलेले नाही.

लाच आणि उधळपट्टी यांविरुद्ध बोलण्याचा, माहिती मागण्याचा, मत देण्याचा मार्ग आपल्याला आहे, जो पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांना नव्हता. तो वापरावा. परंतु कोणता पैसा कुठे जावा हे मी एकट्याने ठरवून कर रोखला, तर दानही मी दुसऱ्याच्याच पैशातून केले असे होते. अनाथ मुलाला शिकवायचे असेल तर ते स्वतःच्या वाट्यातून शिकवावे. शिवाय या पैशातले सगळेच वाया जाते असे म्हणणे आपल्या भागातल्या माणसाला तरी कठीण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा घरांच्या गच्च्यांवर अडकलेल्यांना काढण्यासाठी आलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आणि वर मिरजेच्या ताईंनी सांगितलेली आयुष्मान योजना, ही दोन्ही करांच्या पैशावरच चालतात.

कुपवाडच्या बंधूंच्या घरातील मतभेदाविषयीही लिहावेसे वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि आमच्या साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ या आपल्या ख्रिस्ती संघाचे काम सुरू केले. त्यांचा त्याग मोठा होता आणि त्यांची अभंगवाणी आजही आमच्या उपासनेत गायली जाते. पण त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, घरात काय आहे हे न पाहता ते देऊन टाकीत, आणि त्यानंतर संसार कसा सावरावा लागे, हे लक्ष्मीबाईंनी इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवले आहे की उदार पुरुषाचे कौतुक करताना चूल पेटवणाऱ्या बाईचा विचार आपण करतच नाही, हे तेव्हा ध्यानात येते. आपल्या पत्नीने दशमांश बंद करा असे म्हटलेले नाही. सासऱ्यांच्या उपचारांसाठी काही काळ काही भाग वळवावा, एवढेच ती म्हणते आहे. तिच्याही कष्टाचा पैसा त्यात आहे. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो हे पौलाचे वचन दोघांना मिळून लागू आहे. एकाने दिले आणि दुसऱ्याने मनातल्या मनात सोसले, तर ते संतोषाचे दान नव्हे.

करापूर्वीच्या रकमेवर दशमांश काढावा की नंतरच्या, याचे उत्तर शास्त्रात शोधूनही मिळणार नाही, कारण बायबलच्या नव्या करारात टक्केवारीच ठरवून दिलेली नाही. आमच्या घरी पगाराचा हिशेब करापूर्वीच्या रकमेवर होतो. तुम्ही तसेच करावे असे मी म्हणणार नाही. व्यापारात मात्र ३० लाखांचा दशमांश नसतो, ३ लाखांचा असतो, हे उघड आहे.

कुपवाडकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीला आणि वडिलांना ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. पट्ट्या आपल्या नावाने करायला वडिलांनी स्वतःच नकार दिला. कार्डासाठी उद्या आधार घेऊन जात आहोत. पाळकसाहेबांशी रविवारी उपासनेनंतर दोघेही बोलणार आहोत.

आता एक व्यावहारिक अडचण. वडिलांची स्वतःची हळद आणि मी विकत घेतलेली हळद एकाच टेम्पोतून यार्डात जाते आणि आजवर ती एकाच नावाने सौद्याला लागत आली आहे. वडिलांचे खरे शेतीचे उत्पन्न तरी करमुक्त राहावे, म्हणून ते वेगळे कसे दाखवावे?

विश्रामबाग (निवृत्त कर सल्लागार)

टेम्पो एकच असू द्या, लॉट दोन करा. वडिलांच्या पोत्यांवर वेगळी खूण करून ती त्यांच्या नावाने लावा आणि त्यांची पट्टी त्यांच्याच खात्यात जमा होऊ द्या. त्या पट्टीसोबत सातबाऱ्याचा चालू उतारा एका फाईलमध्ये ठेवला की त्यांच्या बाजूने आणखी काही लागत नाही. तुमच्या मालासाठी वेगळे बँक खाते उघडा, आणि शेतकऱ्याकडून हळद घेताना त्याचे नाव, गाव, वजन, दर व तारीख लिहून सही घेतलेली खरेदी पावती प्रत्येक वेळी करा. शेतकऱ्याचे पैसे शक्यतो खात्यावरच द्या, म्हणजे त्यालाही उद्या आपले उत्पन्न दाखवता येईल. टेम्पोभाडे, बारदाना आणि हमाली वजनाच्या प्रमाणात दोघांत वाटून लिहा. वडिलांच्या पोत्यांचा खर्च तुमच्या व्यापारात टाकू नका.

जुन्या मिश्र पट्ट्यांपैकी यंदाच्या जेवढ्या आहेत, त्यांची अडत्याच्या वहीवरून विभागणी करून घ्या आणि त्या कागदावर तुम्हा दोघांच्या सह्या ठेवा. आगाऊ कराचे आधीचे हप्ते राहिले असल्यामुळे थोडे व्याज लागेल, ते विवरणपत्र भरताना आपोआप मोजले जाते. मूळ रक्कम मात्र १५ मार्चच्या आत भरून टाका आणि चलन मिळाल्यावर त्यावरचे आर्थिक वर्ष २०२५-२६ हेच पडले आहे ना, ते तपासा. पुष्कळांचे तिथेच चुकते आणि मग तो कर खात्यात दिसत नाही.